ओवाळणी आणि पाणीपट्टी : उमेदवाराची स्त्री-प्रश्नांवरील भूमिका कुठे वाचावी?

१/१३
निवडणूक जवळ आली की प्रत्येक पक्षाच्या पत्रकात ‘महिलांसाठी’ असा एक स्वतंत्र रकाना उगवतो. ओवळा-माजिवड्यासह राज्यभर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तो सर्वांत ठळक होता. परंतु उमेदवाराची स्त्री-प्रश्नांवरील भूमिका खरोखर त्या रकान्यात सापडते का? याचे उत्तर येऊरच्या डोंगरापलीकडे, गोरेगावच्या इतिहासात आहे. #धागा

२/१३
आधी २०२४ ची उजळणी. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेने २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देऊ केले. योजना आणणारे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे ठाण्याचेच, कोपरी-पाचपाखाडीचे आमदार. प्रचारात महायुती २,१०० वर गेली, महाविकास आघाडीने ३,००० आणि मोफत बसप्रवास जाहीर केला.

३/१३
या रकमेची थट्टा करणे हा सुस्थितांचा उद्योग आहे. जिच्या नावावर आजवर काहीच नव्हते, तिच्या स्वतःच्या खात्यात दरमहा पैसे येणे ही लहान गोष्ट नव्हे. औषध असो वा मुलीची फी, त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. आक्षेप रकमेला नाही. आक्षेप आहे तो संपूर्ण स्त्री-प्रश्न एका रकमेच्या लिलावात विरघळून गेला, याला.

४/१३
योजनेच्या नावातच तिचे नाते दडलेले आहे. भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो. ती प्रेमाची असते, म्हणूनच ती किती असावी, कधी मिळावी, हे बहीण ठरवत नाही. पाणीपट्टीचे तसे नसते. ती भरणारी व्यक्ती नळाला पाणी का नाही, असे खडसावून विचारू शकते. ओवाळणीचा हिशेब मागता येत नाही. पाणीपट्टीचा मागता येतो.

५/१३
माजिवडा आणि गोरेगाव ही एकाच साष्टी बेटाची दोन अंगे. मध्ये येऊरपासून पसरलेला डोंगराळ पट्टा. गोरेगाव १९५७ मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. वस्ती वाढली, पाणी मात्र मागे राहिले. वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत आलेल्या मृणाल गोरे १९६१ मध्ये तेथून महापालिकेवर निवडून गेल्या.

६/१३
त्यांनी स्त्रियांना हंडे घेऊन रस्त्यावर आणले आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. या नावामागे एक राजकीय विचार होता. नळाला रात्री दोन वाजता पाणी येत असेल, तर त्या घरात झोप कोणाची मोडते? रोजंदारी कोणाची बुडते, शाळा कोणाची सुटते? हा घरगुती प्रश्न नसून महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा प्रश्न आहे, असे त्या राजकारणाने ठणकावले.

७/१३
१९७२ च्या दुष्काळात महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे व प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, भाकपच्या तारा रेड्डी असे परस्परांशी वैचारिक भांडण असलेले पक्ष तिच्यात एकत्र आले. लाटणे हे चळवळीचे चिन्ह झाले. स्वयंपाकघरातील वस्तू हाती घेऊन स्त्रिया सरकारला धान्याचा, तेलाचा, रॉकेलचा जाब विचारू लागल्या.

८/१३
यांपैकी मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर आणीबाणीनंतर १९७७ मध्ये मुंबईतून लोकसभेवर गेल्या; प्रमिला दंडवते १९८० मध्ये. १९७७ मध्ये ‘पाणीवाली बाई’ दिल्लीला पोहोचली. येथे क्रम ध्यानात घ्यावा : आधी मोर्चा, मग लोकसभेची उमेदवारी. मतदार स्त्रियांनी त्या उमेदवारांना जाहीरनाम्यातून नव्हे, रांगेतून ओळखले होते.

९/१३
तरीही एक आक्षेप रास्त आहे. पाणी, तेल, रॉकेल हेच ‘स्त्रियांचे प्रश्न’ म्हटले, तर पाणी भरणे आणि चूल सांभाळणे हे स्त्रीचेच काम, यावर नकळत शिक्कामोर्तब होत नाही का? नळ घरात आला तरी हंडा तिच्याच डोक्यावर राहणार असेल, तर प्रश्न अर्धाच सुटतो. स्त्री ही घराची व्यवस्थापक म्हणून नव्हे, व्यक्ती म्हणून हक्काची धनी आहे, हे कोणी म्हणायचे?

१०/१३
मृणाल गोरे यांच्याच कारकिर्दीत याचे उत्तर मिळते. गर्भजलपरीक्षेचा उपयोग करून मुलींचे गर्भ पाडले जात असताना त्यांनी १९८६ मध्ये विधानसभेत याविरुद्ध अशासकीय विधेयक मांडले. बाहेर स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते लढत होते. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा केला; केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला.

११/१३
या भूमिकेला मतपेढी नव्हती. मुलगा हवा असलेली कुटुंबे मतदार होती, चाचणी करणारे डॉक्टर प्रतिष्ठित होते, आणि न जन्मलेल्या मुलीला मत नसते. कायद्याने सर्व साधले, असेही नाही : राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. परंतु कायदाच नसता तर तक्रार नोंदवायला आधारही नसता.

१२/१३
आता पुन्हा माजिवडा. शेजारच्या कापूरबावडीच्या नावातच बावडी आहे, आणि त्याच परिसरातून मुंबईकडे पाणी नेणारा महापालिकेचा भूमिगत जलबोगदा जातो. तेथून सुरू होणाऱ्या घोडबंदर रस्त्यावर उंच इमारतींच्या दारात टँकर उभे असतात. ज्या शहापूर तालुक्यात तानसा, भातसा ही धरणे आहेत, तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात स्त्रिया टँकरची वाट पाहतात. साठ वर्षांनंतरही प्रश्न तोच आहे. फक्त डोंगराच्या या बाजूला आला आहे.

१३/१३
राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत आज निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. म्हणून उमेदवार स्त्री आहे का, एवढे विचारून भागत नाही. ‘महिलांसाठी’ हा रकाना बाजूला ठेवून पत्रकाचा उरलेला भाग वाचावा : पाणी कोणत्या वेळी येणार, रात्री शेवटची बस किती वाजता, सार्वजनिक स्वच्छतागृह कोठे? आणि ज्यात एकही मत वाढत नाही, असा स्त्रीहक्काचा कोणता मुद्दा या व्यक्तीने सभागृहात कधी मांडला? दरमहा पैसे मिळाले तर ते जरूर घ्यावेत. पण ते घेतल्यावर नळाविषयी विचारणे थांबवू नये.