एकाच तारेंतून वीज आणि वार्ता

नारायणगांवच्या पूर्वेस आमची द्राक्षबाग आहे. घरापासून विहीर ऐंशी मीटरांवर. म्हणजे दिवसा हांकेच्या अंतरावर आणि रात्रीं फार दूर. शेतीची वीज पाळीनें येते, व रात्रीची पाळी असली कीं मोटार चालू करावयास कोणाला तरी उठावें लागतें. जुन्नर-आंबेगांवच्या उंसांत बिबट्यानें बस्तान मांडल्यापासून हें उठणें साधें राहिलेलें नाहीं. आमचे थोरले बंधु सत्तरी ओलांडलेले. पण हें काम ते दुसऱ्या कोणास करूं देत नसत. एका हातांत काठी व दुसऱ्या हातांत विजेरी घेऊन ते निघत, आणि परत येऊन पायरीवर काठी आपटीपर्यंत माजघरांत एकाही बाईचा डोळा लागत नसे.

त्यांचा नातू पुण्यास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. गेल्या दसऱ्याच्या सुटींत त्यानें सूक्ष्मनियंत्रकाचा, म्हणजे बोलींतल्या मायक्रोकंट्रोलरचा, एक तळहाताएवढा बोर्ड आणून स्टार्टरशेजारीं बसविला. ऑक्टोबर छांटणी नुकतीच झालेली, बाग उघडी. घरांतील वायफायचा संदेश विहिरीपर्यंत सुरेख पोहोंचला. दादांनीं पलंगावर बसून मोटार चालू केली व घरांत पेढे वांटले गेले. पुढें पालवी फुटली, मांडव भरला, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस यंत्र मुकें झालें! हिरव्या पानांत पाणी असतें व पाणी या लहरी शोषून घेतें, ही गोष्ट आम्हां कोणाच्याच ध्यानांत आली नव्हती. काठी पुन्हा दाराआडून बाहेर निघाली.

तेव्हां तार टाकावयाचें ठरलें. या निर्णयास शेजारही अनुकूल होता. आमच्याच तालुक्यांत खोडद येथें प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९९० च्या दशकांत उभारलेली प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांपैकीं चौदा मध्यभागीं व सोळा तीन दिशांस दूरवर पसरलेल्या. या भागांत रेडिओचा गोंगाट कमी, म्हणून ही जागा निवडण्यांत आली. आपल्या वायफायची लहर २४०० मेगाहर्ट्झची, आणि दुर्बीण ऐकते ती सुमारें १४५० पर्यंत. तेव्हां वायफायमुळें तिचा कान थेट फुटतो असें मी म्हणणार नाहीं. पण हलक्या प्रतीच्या वीज-परिवर्तकांचा खरखराट खालच्या पट्ट्यांतही पसरतो, हें विसरून चालत नाहीं. तारेनें काम होत असतां आकाशांत ओरडावें कशाला? त्या तबकड्यासुद्धां मध्यवर्ती केंद्राशीं हवेंतून बोलत नाहींत. जमिनींत पुरलेल्या कांचतंतूंतून बोलतात.

आतां विहिरीवरच्या बोर्डाला वीज कोठून द्यावयाची? शेतीची वीज गेली कीं तो आंधळा होणार, आणि वेगळी बॅटरी ठेवावी तर तिची निगा राखण्यास पुन्हा मनुष्य हवा. संदेशाच्या तारेंतूनच वीजही धाडावी, हा यावरचा उपाय. इंग्रजींत याला ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ म्हणतात. नांव नवें असलें तरी युक्ति जुनी आहे. गांवांतले दिवे गेले तरी जुना टेलिफोन चालू राही, याची आठवण पुष्कळ वाचकांना असेल. टेलिफोन-केंद्रांतल्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्टांची वीज त्याच दोन तारांतून घरापर्यंत येत असे, आणि तिच्यावरच आपलें बोलणें चाले. इथरनेटच्या केबलींतही तेवढ्याच दाबाची वीज सोडतात.

इतका दाब कशाला, असा प्रश्न वहिनींनीं केला, आणि तो फार मार्मिक होता. आमच्या चिरंजीवांनीं प्रथम पांच व्होल्टच पाठविले होते. ऐंशी मीटर बारीक तांब्याच्या तारेचा, दोन-दोन तारा जोडूनही, जाऊन-येऊन साडेसात ओहम रोध होतो, ०.४ अँपिअर वाहूं लागतांच तीन व्होल्ट वाटेंतच खर्च झाले, आणि उरलेल्या दोहोंत बोर्ड डोळाही उघडीना. तेवढीच दोन वॅट शक्ति ४८ व्होल्टांनीं पाठविली तर प्रवाह ०.०४ अँपिअरच्या आसपास राहतो, व वाटखर्च अवघा एक-तृतीयांश व्होल्ट. विहिरीपाशीं बोर्ड तो दाब उतरवून घेतो. २००३ सालच्या मानकाप्रमाणें शंभर मीटरपर्यंतच्या पलीकडील टोंकास १२.९५ वॅट मिळतात. आमचें काम दोन वॅटांत भागतें.

मानकाप्रमाणें बनविलेला पुरवठादार मोठा सभ्य असतो. प्रथम तीन ते दहा व्होल्टांच्या दरम्यानचा किंचित् दाब देऊन पलीकडे पंचवीस हजार ओहमचा ठराविक रोध आहे कीं नाहीं तें चांचपतो, आणि तो सांपडला तरच पूर्ण दाब सोडतो. बाजारांत स्वस्त मिळणारे कांहीं पुरवठादार मात्र ही विचारपूस न करतां सरसकट वीज ढकलतात. त्यांना घरांत थारा देऊं नये.

एक चूक आमच्याकडून झाली, ती सांगतों. आमचा पहिला बोर्ड अपृथक् जातीचा निघाला. म्हणजे केबलींतल्या विजेचें व बोर्डाचें अंग एकच, मध्यें आड कांहीं नाहीं. केबल जोडलेली असतांनाच चिरंजीवांनीं आज्ञावली बदलण्यासाठीं त्यास लॅपटॉपची तार लावली, आणि लॅपटॉपचें तें द्वार कायमचें बंद झालें. सूचना त्याच्या पुस्तिकेंत बारीक अक्षरांत होती. आतां आम्हीं पृथक् जातीचा बोर्ड घेतला आहे, तरीही लॅपटॉप लावावयाचा तर प्रथम केबल काढतों. नवी आज्ञावली बहुधा केबलींतूनच पाठवितों.

केबल ठिबकच्या जुन्या नळींतून नेली आहे, कारण बांधावरच्या घुशी तिला अन्नच समजतात. त्या उपर घूस शिरलीच तर? घराकडून दर दहा सेकंदांनीं हांक जाते; ती तीनदां चुकली कीं मोटार आपोआप थांबते. हातानें चालवावयाची कळ शाबूत ठेविली आहे, आणि स्टार्टरच्या पेटींतील जोडणी वायरमनकडूनच करून घेतली. तेथें चारशें पंधरा व्होल्ट असतात, व घरच्या अर्धवट विद्वानांचें तें काम नव्हे. वैशाखांत वळिवाचा गडगडाट सुरू झाला कीं केबलीचीं दोन्ही टोंकें काढून ठेवतों.

पुरवठादार माजघरांत इन्व्हर्टरशेजारीं आहे. त्यावरचा हिरवा दिवा पाहून विहिरीवरचें यंत्र जागें असल्याचें वहिनींनाही कळतें, आणि दादा कळ दाबून पुन्हा निजतात. परंतु ठिबकचे चार व्हॉल्व्ह अजून हातांनींच फिरवावे लागतात, आणि पाळी रात्रभराची असली तर त्यांसाठीं कोणी तरी निघतोंच. उरलेल्या अकरा वॅटांत विजेवरच्या लहान झडपा बसतात कीं काय, याचा हिशेब चिरंजीवांनीं मांडला आहे. मे महिन्याच्या सुटींत पहिली झडप बसेल. तोंवर काठी दाराआडच आहे.