दुकानाचा थकवा आणि घरातील अबोला

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील डोंगरी तालुक्यांत व्यापाराचे वर्ष पावसावर आणि आदिवासी ग्राहकाच्या हाती असलेल्या पैशावर चालते. भात, नागली, वरईची कापणी आटोपून दिवाळी सरली की वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबे वसई, भिवंडी, ठाण्याकडे वीटभट्टीच्या वा बांधकामाच्या कामाला उतरतात. होळीला ती परततात तेव्हा बाजार फुलतो. मृगापूर्वी पावसाळ्याची बेगमी होते आणि पुढचे महिने मुसळधार पावसाचे व उधारीचे जातात. किराणा अथवा कापडाचे दुकान चालविणाऱ्या जैन कुटुंबाचे जीवन या चढउताराशी बांधलेले असते, मनावरचा ताणही.

हा ताण घरी येतो तेव्हा तो ताण म्हणून ओळखला जात नाही. रात्री नऊला पेढीवरून परतलेला पती एका शब्दात उत्तर देतो किंवा क्षुल्लक कारणावरून खेकसतो. पत्नी कदाचित नाशिक-पुण्यात वाढलेली, पदवीधर असते. मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधे, पाहुणे हे सारे सांभाळून दुपारी ती गल्ल्यावरही बसते. तिच्या या श्रमांची नोंद कोणत्याच खातेवहीत नसते. चौविहार पाळणाऱ्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. सूर्यास्तापूर्वी पतीचा डबा दुकानात जातो, तो गिऱ्हाइकांच्या गर्दीत चार घास खातो, आणि दिवसभरात पती-पत्नी एकदाही एका पंगतीला बसत नाहीत. नियमात काही उणे नाही. त्याभोवतीची व्यवस्था मात्र तपासण्याजोगी आहे.

न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये अशा थकव्याला ‘बर्नआउट’ हे नाव दिले. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगे मांडली : भावनिक रितेपण, माणसांविषयी येणारा रुक्षपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ही अवस्था केवळ व्यवसायाशी निगडित मानली. आयुष्याच्या इतर क्षेत्रांना ती लावू नये, असेही नमूद केले. ज्यांचे दुकान खाली आणि घर वर आहे, त्यांनी ही सीमारेषा जिन्याच्या कोणत्या पायरीवर आखावी, हा प्रश्नच आहे.

परंतु सारखाच ताण असूनही एक संसार तगतो आणि दुसरा विस्कटतो. येथे स्वभावाचा भाग येतो. अमेरिकेत केली आणि कॉन्ली या संशोधकांनी १९३० च्या दशकात साखरपुडा झालेल्या ३०० जोडप्यांचा सुमारे ४५ वर्षांचा वृत्तान्त तपासून १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोघांपैकी कोणाचाही सतत चिंतातुर, चटकन अस्वस्थ होणारा स्वभाव आणि पतीचा स्वतःवरील सुटणारा ताबा, ही वैवाहिक अपयशाची ठळक पूर्वचिन्हे ठरली. व्यापारी घरात आणखी एक गुण विचारात घ्यावा लागेल. पै-पैचा हिशेब आणि कोणावरही न विसंबणे ही गल्ल्यावरची पुण्याई होय. तीच वृत्ती घरात आली की भाजीतील मिठापासून माहेरच्या फोनपर्यंत सगळ्याची तपासणी सुरू होते. काम दुसऱ्यावर सोपविता न येणारा मनुष्य स्वतः थकतो आणि जोडीदारालाही थकवितो.

मग एक चक्र फिरू लागते. एकाने विषय काढावा, दुसऱ्याने उठून जावे. तो उठून जातो म्हणून पहिल्याने आणखी तीव्रतेने बोलावे. जॉन गॉटमन यांनी दांपत्यांच्या संवादातील ज्या चार घातक सवयी सांगितल्या, त्या म्हणजे दोषारोप, तुच्छता, स्वसमर्थन आणि भिंतीसारखे मौन. बहुतेक घरांत पहिल्या तिन्हींची तक्रार होते. मौनाला मात्र ‘शांत स्वभाव’ असे प्रशस्तिपत्र मिळते.

जैन कर्मग्रंथांनी कषायाचे मोजमाप त्याच्या तीव्रतेबरोबर त्याच्या टिकण्यावरही केले आहे, हे येथे महत्त्वाचे ठरते. संज्वलन क्रोध पाण्यावरच्या रेषेसारखा, प्रत्याख्यानावरण वाळूतील, अप्रत्याख्यानावरण जमिनीच्या भेगेसारखा, तर अनंतानुबंधी पाषाणावरच्या चिरेसारखा. त्यांची स्थूल मुदत अनुक्रमे पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष आणि जन्मभर. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण याच मुदतींशी जुळते. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते अनुत्पादक ठरविते. घरातील अबोला वर्षे लोटली तरी कोणी नोंदवीत नाही. संवत्सरीला साऱ्या गावाला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणारे ओठ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडखळतात, हा पुष्कळांचा अनुभव असेल.

स्वभाव आणि आजार यांत गल्लत होऊ नये. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, जगणे नकोसे वाटणे हे आठवडेच्या आठवडे चालले तर वैद्यकीय मदत हवी. मारहाण ही तर ‘रागीट स्वभावा’ची सबब सांगून झाकण्याची गोष्टच नव्हे, २००५ च्या कायद्याने पत्नीला तिच्यापासून संरक्षण दिले आहे. जव्हारसारख्या लहान गावात कोण कोणत्या डॉक्टरांकडे गेले हे सायंकाळपर्यंत पेठभर होते, म्हणून पुष्कळजण जाणेच टाळतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशांना उपयोगी पडेल. तेथे मराठीतही विनाशुल्क बोलता येते.

पावसाळ्यात गिऱ्हाईक विरळ असते आणि चातुर्मासही त्याच काळात येतो. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास फळी लावून घरी जेवायला जाणे निदान त्या चार महिन्यांत परवडण्यासारखे आहे. मीठ-मिरचीची अडचण पडलेल्या गिऱ्हाइकाला मागचा दरवाजा ठाऊक असतोच.