तान्ह्याचे रडणे आणि घरातल्यांचा धीर

तान्ह्या बाळाला रागाच्या भरात गदागदा हलवल्याने त्याच्या मेंदूला जी इजा होते, तिला ‘शेकन बेबी सिंड्रोम’ म्हणतात. बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मानेचे स्नायू दुबळे असल्यामुळे डोक्याला पुढे-मागे हिसके बसतात, मेंदू कवटीच्या आत हेलकावतो आणि त्याच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या नाजूक शिरा तुटून रक्तस्राव होतो. पुष्कळदा दृष्टिपटलातही रक्त उतरते. इंग्लंडमधील मेंदूशल्यविशारद नॉर्मन गुथकेल्च यांनी १९७१ मध्ये हा कार्यकारणभाव मांडला. केवळ काही खुणांवरून न्यायालयात गुन्हा सिद्ध मानावा का, याबद्दल आज तीव्र मतभेद आहेत आणि खुद्द गुथकेल्च यांनीही उत्तरायुष्यात त्याबाबत चिंता व्यक्त केली होती. परंतु हलवणे निरुपद्रवी आहे, असा त्या वादाचा अर्थ नव्हे. पाळण्याचा झोका किंवा मांडीवर थोपटणे यांनी अशी इजा होत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

या हिंसेला बहुधा निमित्त होते ते न थांबणाऱ्या रडण्याचे. निरोगी बाळाचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढते, दुसऱ्या महिन्यात कळस गाठते आणि तीन ते पाच महिन्यांत ओसरते. मराठी घरात मात्र रडण्याला कारण असलेच पाहिजे असे धरून चालतात: दृष्ट लागली, पोट दुखते, आईचे दूध पुरत नाही. बाळाला क्षणभरही रडत ठेवणे निर्दयपणाचे ठरते, आणि बाळ शांत झाले नाही की ते पालकाचे अपयश मानले जाते. परदेशात, बाळंतपणासाठी आलेली आजी व्हिसाची मुदत संपून परतल्यावर, रात्रभर जागलेल्या एकट्या बापावर किंवा आईवर या समजुतीचा भार असह्य होतो. म्हणून ही समजूत बदलणे हाच खरा प्रतिबंध आहे.

प्रसूतीनंतर रुग्णालयात एकदाच दिलेली माहिती त्यासाठी अपुरी पडते. पश्चिम न्यूयॉर्कमध्ये अशा उपक्रमानंतर इजांचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याचे २००५ मध्ये नोंदवले गेले, पण पेनसिल्व्हेनियात तोच उपक्रम राज्यभर राबवूनही तशी घट दिसली नाही. याउलट ब्रिटिश कोलंबियात रुग्णालय, परिचारिकेची भेट आणि समाजातील प्रचार अशा तिन्ही मार्गांनी एकच संदेश पोहोचल्यावर इजा झालेल्या तान्ह्या बाळांचे रुग्णालयातील प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

यांपैकी तिसरा मार्ग परदेशातील मराठी मंडळांच्या हाती आहे. होऊ घातलेले आईबाप, आजीआजोबा आणि बाळ सांभाळणारी बाई या सर्वांना मराठीत सांगावे की संताप अनावर झाल्यास बाळाला पाळण्यात उताणे ठेवून दार लोटून घ्यावे, दहा मिनिटे बाहेर थांबावे, कोणाला तरी फोन करावा. बाळ हलवले गेले असेल, ते सुस्त पडले, उलट्या करू लागले किंवा त्याला झटके आले, तर लाजेपोटी काहीही न लपवता तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. मंडळाने आपल्या पुढच्याच कार्यक्रमात यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.