कॅप्टन निमोचा देश कोणता?

१/ जुन्या विज्ञान-साहसकथा म्हणजे बालवयातील निव्वळ करमणूक, असे आपण गृहीत धरतो. माझे मत निराळे आहे. या कादंबऱ्या इतिहासाची साधने आहेत आणि कोणत्याही साधनाप्रमाणे त्या काटछाट न करता वाचल्या पाहिजेत. ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन निमोची कहाणी हा त्याचा पुरावा. 🧵

२/ पॅरिसचे प्रकाशक हेत्झेल यांनी १८६४ मध्ये शिक्षण आणि मनोरंजन यांची सांगड घालणारे कौटुंबिक नियतकालिक काढले. 'समुद्राखाली वीस हजार लीग' त्यातच १८६९-७० मध्ये क्रमशः आली. (वीस हजार लीग ही खोली नव्हे, तर पाणबुडीने कापलेले अंतर आहे : सुमारे ८०,००० किलोमीटर!)

३/ व्हर्नच्या मनातील निमो होता पोलिश. १८६३ च्या पोलिश उठावानंतर रशियनांनी ज्याच्या कुटुंबाचा संहार केला, असा उमराव. हेत्झेल यांनी यास हरकत घेतली. व्हर्नची पुस्तके रशियात खपत होती. ती बाजारपेठ गमावणे त्यांना परवडणारे नव्हते. परिणामी निमो देशाविना, भूतकाळाविना अवतरला.

४/ तथापि खुणा उरल्याच. निमोच्या दालनात पोलंडचा कोश्चुश्को, आयर्लंडचा ओ'कॉनेल, अमेरिकेचे लिंकन आणि जॉन ब्राउन यांची चित्रे आहेत. सिंहलद्वीपाजवळ तो एका गरीब भारतीय पाणबुड्याचे प्राण वाचवतो, त्याला मोती देतो आणि स्वतःला पीडितांच्या पक्षात गणतो.

५/ १८७४-७५ च्या 'रहस्यमय बेट' या कादंबरीत उलगडा झाला. निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाचा भाचा आणि १८५७ च्या संग्रामातील एक सेनानी! फ्रेंच मुलांच्या हाती पडलेल्या कथेचा महानायक भारतीय बंडखोर निघाला.

६/ इतिहासाच्या कसोटीवर हे टिकत नाही. टिपूचे राज्य म्हैसूरचे. ते १७९९ मध्येच लयाला गेले. बुंदेलखंडाशी त्याचा संबंध नाही. 'डक्कार' हे नावही आपल्याकडचे वाटत नाही. पण तपशील चुकला, तरी सहानुभूती कोणाकडे झुकली होती हे खोटे ठरत नाही.

७/ तीच सहानुभूती इंग्रजांना खुपली. १८७५ मध्ये लंडनहून निघालेल्या इंग्रजी अनुवादात डक्कारच्या कथेतील ब्रिटिश सत्तेवरची टीका बोथट करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी वाचकांनी हाच निमो वाचला. एका पात्रावर दोनदा कात्री चालली : एकदा बाजारासाठी, एकदा साम्राज्यासाठी.

८/ आता उलट बाजू. १८८० मध्ये पूर्ण झालेल्या 'वाफेचे घर' या व्हर्नच्याच कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती उत्तर भारतात फिरतो, आणि त्यातील सूडाने पेटलेला खलनायक आहे चक्क नानासाहेब पेशवे! ब्रिटिशांनी उगवलेल्या सूडाची वर्णने तीतही आहेत. तरी वाचकाचे मन इंग्रज कर्नलकडे ओढले जाते.

९/ नेपाळच्या तराईत गेलेल्या नानासाहेबांचा अंत कसा झाला, हे कधीच निर्विवाद ठरले नाही. त्या रिकाम्या जागेत व्हर्नने आपली कल्पना भरली. एकच लेखक, एकच १८५७. एकदा त्यातून नायक घडला, एकदा खलनायक. युरोपचे मन भारताविषयी किती दुभंगलेले होते, हे याहून स्पष्ट कोठे दिसेल?

१०/ 'मुलांना एवढे राजकारण कशाला?' असा आक्षेप येतो. संक्षिप्त आवृत्त्या याच समजुतीने काढल्या जातात : पाणबुडी राहते, राक्षसी माखला राहतो, निमोचा संताप मात्र गळतो. पण संतापाविना निमो हा केवळ एक विक्षिप्त नावाडी उरतो. संक्षेप सोयीचा असतो हे मान्य. मात्र काय वगळले ते सांगण्याचे सौजन्य तरी असावे.

११/ भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरी आणला. त्यांच्यामुळे आपल्यापैकी अनेकांना ही वाट सापडली. पुढचे पाऊल आपले. या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवा आणि डक्कार व नानासाहेब एकत्र वाचा. प्रत्येक पानावर एकच प्रश्न विचारा : ही गोष्ट कोणासाठी लिहिली गेली, आणि कोणासाठी बदलली गेली? इतिहासाचा अभ्यास याच प्रश्नापासून सुरू होतो. (समाप्त)