चौक लिहिला कोणी?

मानखुर्दला आमच्या दारापुढे आई रोज रांगोळी काढते. तिला चित्रकार म्हणावे, असे आम्हा भावंडांना कधी सुचले नाही. वारल्यांच्या लग्नातला चौक सुवासिनींनीच लिहायचा, ही रीत. पण ही कला भिंतीवरून कागदावर आली आणि नावारूपाला आले ते बहुतेक पुरुष. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच. पण त्या सुवासिनींची नावे कुठे आहेत? न्यूयॉर्कच्या ‘गेरिला गर्ल्स’ १९८५ पासून गोरिलाचे मुखवटे घालून संग्रहालयांना हाच जाब विचारीत आल्या : भिंतींवर स्त्रिया का नाहीत, कृष्णवर्णीय का नाहीत? मित्रहो, आपल्या प्रदर्शनात चित्राखाली नुसते ‘वारली’ न लिहिता काढणारीचे नाव-गाव लिहूया. सुरुवात रांगोळीपासूनही चालेल.