कडूपणाआडची साखर

संस्कृत शिकवितांना मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट हटकून सांगत असें. आपण ज्याला कडू म्हणतों त्याला संस्कृतांत 'तिक्त' म्हणतात आणि संस्कृतांतील 'कटु' म्हणजे आपलें तिखट. नांवावरून रस ओळखूं गेल्यास अशी फसगत होते. तोच धडा मला परवां माझ्याच घरीं, छत्रपती संभाजीनगरांत, पुन्हां गिरवावा लागला.

आमचे धाकटे बंधु मधुमेही आहेत. त्यांचा मुलगा सुटींत येतांना गोव्याहून जिनची बाटली घेऊन आला. मी स्वतः घेत नाहीं. पण मिळवत्या मुलांनीं लपून करण्यापेक्षां उघड केलेलें बरें, असें मानणारा आहें. त्यानें जिनमध्यें टॉनिक ओतलें. बंधूंनीं नुसतें टॉनिक चाखून तोंड वांकडें केलें व म्हणाले, "दादा, हें तर काडेकिराइतासारखें कडू! यांत साखर कुठली?"

झालें! पुढें पंधरा दिवस औषध समजून रोज सायंकाळीं एक बाटली टॉनिक सुरू झालें. रक्त तपासलें तों साखर वाढलेली. तेव्हां कुठें मीं चष्मा लावून बाटलीवरचीं बारीक अक्षरें वाचलीं. १०० मिलिलिटरांत सुमारें ९ ग्रॅम साखर! म्हणजे २०० मिलिलिटरांच्या बाटलींत साडेचार चमचे.

याचें मूळ हिंवतापांत आहे. सिंकोनाच्या सालींतून १८२० सालीं पॅरिस येथें क्विनीन वेगळें काढण्यांत आलें. तें इतकें कडू कीं गोडीवांचून घशाखालीं उतरेना. १८५८ सालीं इंग्लंडांत टॉनिक पाण्याचें पेटंटही घेतलें गेलें. आज त्यांत क्विनीन नांवापुरतें उरलें आहे, साखर मात्र राहिली. आमची आजी काढा पाजून मागाहून गुळाचा खडा देई; गूळ किती दिला हें तिला ठाऊक असे. येथें गूळ काढ्यांतच विरघळलेला!

खुद्द जिन निरपराध आहे काय? साध्या गाळींव जिनमध्यें साखर नसते. तिचा सुगंध ज्या फळांचा, त्यांच्या वर्गांतील हपुषा भावप्रकाशांतही आहे. गोव्यांत गाळल्या जाणाऱ्या एका जिनचें नांवच 'हपुसा' ठेवलें आहे. परंतु ३० मिलिलिटर जिनमध्यें सुमारें ७० उष्मांक असतात, हें विसरूं नये.

ज्यांना घ्यावयाचीच आहे त्यांनीं पेला असा करावा. उंच पेल्यांत बर्फ भरावा. ३० मिलिलिटर जिन मोजून घ्यावी; अंदाजानें ओतूं नये. मग ५० मिलिलिटर टॉनिक व १५० मिलिलिटर साधा सोडा घालावा आणि लिंबाची ताजी साल पिळून आंत टाकावी. सालीचा उग्र वास कडवटपणाची उणीव भरून काढतो. साखर चमचाभरच जाते. बिनसाखरेचें टॉनिकही मिळतें. त्यांत कृत्रिम गोडी असते.

पण साखर कमी म्हणजे धोका नाहीं, असेंही समजूं नये. मद्य पोटांत असतां यकृत रक्ताला साखर पुरविण्यांत कुचराई करतें. इन्शुलिन किंवा कांहीं गोळ्या घेणाऱ्याची साखर त्यामुळें कित्येक तासांनीं, झोंपेंतही, एकाएकीं उतरूं शकते. आणि भोंवतालचे म्हणतात, चढली असेल! म्हणून अशा माणसानें वैद्यांस विचारल्यावांचून पेल्यास हात लावूं नये. उपाशीं पोटीं तर मुळींच नाहीं.

आमच्या बंधूंच्या पेल्यांत आतां सोडा, लिंबू आणि चिमूटभर सैंधव असतें. पुतण्या त्यांच्याजवळच बसून आपला पेला मोजून भरतो. आणि घरांत नवी बाटली आली कीं ती प्रथम माझ्या चष्म्यापुढें येते.