उदककुंभ आणि उपकार

अक्षय्य तृतीयेस पितरांच्या नावे उदककुंभ देण्याची आपली प्रथा आहे. तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीसारख्या, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या गावी वैशाखाचे ऊन सोसणाऱ्यास या दानाचा अर्थ पोथी न उघडताही कळतो. कुंभ देताना मनात कोणता शब्द असावा, एवढाच प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

'दया' या शब्दाचा धातू 'दय्'. त्याच्या अर्थांत वाटून देणे हाही एक आहे. म्हणजे नुसते कळवळून भागत नाही. आपल्या घागरीतले पाणी उणे व्हावे लागते. 'अनुकंपा' त्याहून खोल. दुसरा कापला की त्याच्यासवे आपणही कापणे, ती अनुकंपा. (आज हा शब्द नोकरीच्या अर्जापुरता उरला आहे, ही गोष्ट वेगळी!) 'उपकार' म्हणजे मुळात साहाय्यच, परंतु आपण त्याचे ओझे करून ठेवले. 'मोठे उपकार केलेस' हे वाक्य उपरोधाने बोलले जाते, ते उगीच नव्हे.

श्रीसंत गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पाया पडू येणाऱ्यांना मात्र ते जवळ येऊ देत नसत.

आपल्याकडे पितरांचा कुंभ भक्तिभावाने दिला जातो, आणि त्याच दुपारी दारी पाणी मागणाऱ्या मोलकऱ्यासाठी निराळा पेला शोधला जातो. हे आम्ही पाहिले आहे, आणि पाहून गप्पही राहिलो आहो.